विश्लेषण : गाडी वेळेवर सुटली, मग पाच तास उशिरा का पोहोचली?

मुंबईहून वाराणसीला जाणारी गाडी. कल्याण वेळेवर, नाशिक रोड दहा मिनिटे उशिरा, भुसावळ चाळीस मिनिटे, इटारसी पावणेदोन तास. जबलपूर येईपर्यंत डब्यातल्या कुणी मोबाइलवर ‘गाडी कुठे आहे’ हे बघायचेही सोडून दिलेले असते. लांब पल्ल्याच्या गाडीने उत्तरेकडे गेलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे. अपघात नाही, पूर नाही, आंदोलन नाही. तरीही दर दोन-तीन स्थानकांमागे उशीर थोडा थोडा वाढत जातो. तो कुठून येतो, कुणाच्या हिशेबात धरला जातो आणि त्याचे पैसे कधी परत मिळतात?

उशीर मोजतात कुठे?

रेल्वेच्या लेखी उशीर दोन ठिकाणी महत्त्वाचा. एक, तुम्ही जिथे चढणार ते स्थानक. परताव्याचा नियम तिथला उशीर बघतो. दुसरे, गाडीचे शेवटचे स्थानक. गाडी वक्तशीर होती की नाही, हे तिथे ठरते. मधल्या दीड हजार किलोमीटरमध्ये गाडी किती रखडली याची नोंद नियंत्रण कक्षात होते, पण वक्तशीरपणाच्या टक्केवारीत तिला जागा नाही. ‘कॅग’ने रेल्वेच्या वक्तशीरपणावर केलेल्या आणि २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालातही हा मुद्दा आहे.

याचा परिणाम वेळापत्रकात दिसतो. शेवटच्या एक-दोन टप्प्यांत गाडीला गरजेपेक्षा जास्त वेळ दिलेला असतो. खात्री करायची असेल तर मुंबईहून सुटणाऱ्या कोणत्याही गाडीचे वेळापत्रक उघडा. सीएसएमटीहून निघाल्यावर कल्याणला पोहोचायला किती वेळ लागतो ते पाहा, मग परतीच्या गाडीला कल्याण ते सीएसएमटीसाठी किती वेळ दिला आहे ते पाहा. रूळ तेच, अंतर तेच, सुमारे ५४ किलोमीटर. पण परतीच्या गाडीला बहुतेक वेळा बराच जास्त वेळ दिलेला आढळेल. रेल्वेच्या भाषेत हा वेळ उशीर भरून काढण्यासाठीचा. लोकलच्या गर्दीतून वाट काढायलाही तो लागतो, हे खरे. पण त्यामुळे असेही होते की मधल्या स्थानकांवर तासभर उशिरा असलेली गाडी शेवटच्या स्थानकावर जेमतेम वीस मिनिटे उशिरा लागते. सीएसएमटीला उतरणाऱ्याला ती बरी वाटते. जळगावला उतरणाऱ्याची चोपड्याची शेवटची एसटी मात्र तोवर गेलेली असते.

वीस मिनिटांचे दोन तास कसे होतात?

रस्त्यावर गाडी अडकली की चालक पुढे वेग वाढवून वेळ भरून काढतो. रेल्वेत तसे जमत नाही. ३०० किलोमीटरचा टप्पा थांबे धरून पाच तासांचा असेल तर सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर होतो. अर्धा तास भरून काढायला ही सरासरी ताशी ६७ च्या जवळ न्यावी लागेल. फरक सात किलोमीटरचाच आहे. पण गाडी जिथे धावते तिथे आधीच त्या मार्गावर परवानगी असलेल्या कमाल वेगाच्या आसपास धावत असते. सरासरी कमी होते ती थांबे, वळणे, घाट आणि सिग्नलमुळे, आणि ते चालकाच्या हातात नसते.

आता वेगमर्यादेचा हिशेब पाहू. रुळांचे काम चालू असेल तिथे तात्पुरती वेगमर्यादा लावतात आणि तिची लेखी सूचना चालकाला आधीच मिळते. समजा एक किलोमीटरच्या पट्ट्यात ताशी ३० ची मर्यादा आहे. २४ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते आणि तिचा शेवटचा डबा पट्ट्याबाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. म्हणजे दीड किलोमीटर अंतर ३० च्या वेगाने, त्याला तीन मिनिटे. ११० च्या वेगाने तेच अंतर पन्नास सेकंदांत कापले असते. त्याआधी वेग कमी करण्यात आणि नंतर पुन्हा वाढवण्यात गेलेला वेळ मिळवला तर एका पट्ट्यामागे चार-पाच मिनिटे जातात. वेळापत्रकात अशा कामांसाठी काही मिनिटे राखलेली असतात. पट्टे जास्त झाले की ती पुरत नाहीत.

इथवरचा उशीर साधा असतो. गाडी तिच्या ‘पाथ’मधून बाहेर पडली की तो वाढत जातो. पाथ म्हणजे एका विशिष्ट मार्गावर, विशिष्ट मिनिटाला, त्या गाडीसाठी राखून ठेवलेली जागा. विमानतळावरच्या स्लॉटसारखी. नियंत्रण कक्षातला सेक्शन कंट्रोलर हा सगळा पट समोर ठेवून कुणाला पुढे काढायचे आणि कुणाला बाजूला घ्यायचे ते ठरवतो.

समजा आपली गाडी मनमाडला वीस मिनिटे उशिरा आली. वेळेवर असती तर मागची सुपरफास्ट तिच्या पाठीमागेच राहिली असती. आता ती सुपरफास्ट अगदी जवळ आली आहे आणि वेळेवर आहे. कंट्रोलरसमोर दोनच पर्याय उरतात. उशिरा असलेल्या गाडीला पुढे ठेवून वेळेवर असलेल्या गाडीलाही उशीर करायचा, किंवा उशिरा असलेलीला बाजूच्या लूप लाइनवर घ्यायचे. बहुतेक वेळा दुसरा पर्याय निवडला जातो आणि गणिताने तो बरोबरही असतो. दोन गाड्या बिघडवण्यापेक्षा एक बिघडलेली बरी.

पण लूपवर जाणे स्वस्त नाही. मुख्य मार्गावरून लूपवर वळताना साधारण ताशी ३० च्या वेगाने जावे लागते. मग थांबायचे. जिथे दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते, तिथे सुपरफास्ट मागच्या टप्प्यातून येऊन, आपल्याला ओलांडून, पुढचे आठ-दहा किलोमीटर पार करेपर्यंत आपला सिग्नल हिरवा होत नाही. त्यानंतर पुन्हा ३० च्या वेगाने बाहेर पडायचे. यात सहज पंधरा-वीस मिनिटे जातात. म्हणजे वीसचे चाळीस झाले. चाळीस मिनिटांनी मागे पडलेली गाडी आता आणखी मागच्या गाडीच्या वाटेत येते. पुढच्या लूपवर तीच गोष्ट पुन्हा घडते. खिडकीतून बघणाऱ्याला वाटते आपली गाडी उगाच थांबली आहे, कारण सिग्नल लाल आणि रूळ मोकळा दिसतो. पाच मिनिटांनी शेजारून एक गाडी धडाडत निघून जाते तेव्हा कारण समजते.

प्राधान्याची उतरंड साधारण ठरलेली असते. अपघात मदत गाडी सर्वांत आधी. मग राजधानी, वंदे भारतसारख्या गाड्या, त्यानंतर मेल-एक्स्प्रेस, मग पॅसेंजर आणि शेवटी मालगाडी. महानगरांत गर्दीच्या वेळी लोकललाही मान असतो. सणासुदीला सोडलेल्या, ज्यांचा क्रमांक शून्याने सुरू होतो त्या ‘स्पेशल’ गाड्यांचे हाल जास्त. त्या आयत्या वेळी उरलेल्या फटीत बसवलेल्या असतात. त्यातल्या अनेकींचे भाडे नेहमीच्या गाडीपेक्षा जास्त असते, ही गंमत प्रवाशांना फारशी गमतीची वाटत नाही.

उत्तरेकडच्या मार्गावरच जास्त का?

मुंबई ते वाराणसी हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. गाड्या ते पंचवीस ते तीस तासांत कापतात. म्हणजे सरासरी ताशी ५० ते ६०. देशातल्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा सरासरी वेग २०१९-२० मध्ये ताशी ५०.६ किलोमीटर होता, असे कॅगच्या त्याच अहवालात आहे. तो ७५ वर न्यायचे उद्दिष्ट ‘मिशन रफ्तार’ने ठेवले होते.

या मार्गाकडे नकाशावर बघितले तर तो एक रस्ता नसून चौकांची माळ आहे. आधी कसारा घाट. इथे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. त्यासाठी कसाऱ्याला अनेक गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे मनमाडला दौंडकडून पुण्याच्या गाड्या येऊन मिळतात, छत्रपती संभाजीनगरकडूनही. जळगावला सुरतची लाइन मिळते. भुसावळला नागपूरची लाइन वेगळी होते. खंडव्यानंतर इटारसी. तिथे दिल्ली ते चेन्नई हा देशातला आणखी एक मोठा मार्ग या मार्गाला भेटतो. कटनीला बिलासपूर, बीना आणि सिंगरौलीकडच्या लाइन्स, त्यात कोळशाच्या मालगाड्या. माणिकपूरला झाशीची लाइन. आणि प्रयागराजजवळ हे सगळे दिल्ली-हावडा मुख्य मार्गाला जाऊन मिळते. प्रत्येक चौकात उशिरा आलेल्या गाडीला ‘जरा थांब’ असे सांगणारे कुणी ना कुणी असते.

एक चौक बंद पडला तर काय होते हे २०१५ मध्ये दिसले. १७ जून रोजी इटारसीच्या रूट रिले इंटरलॉकिंग केबिनला आग लागली. इंटरलॉकिंग म्हणजे एका गाडीला दिलेल्या वाटेत दुसरी गाडी येऊच शकणार नाही याची खात्री करणारी यंत्रणा. सांधे आणि सिग्नल यांना ती एकमेकांशी बांधून ठेवते. ती जळाल्यावर मोठ्या जंक्शनवर गाड्या हाताने सांधे बदलून, लेखी परवानगीने काढाव्या लागल्या. नवी यंत्रणा बसायला महिनाभराहून अधिक काळ लागला. तोवर शेकडो गाड्या रद्द झाल्या. आग मध्य प्रदेशात लागली होती, पण मुंबईहून उत्तरेला आणि दिल्लीहून दक्षिणेला जाणाऱ्या दोघांचेही तिकीट वाया गेले.

दुसरा प्रसंग मे २०२० मधला. टाळेबंदीत अडकलेल्या मजुरांसाठी वसई रोडहून गोरखपूरला निघालेली श्रमिक स्पेशल ओडिशातल्या राउरकेलाला पोहोचली. समाजमाध्यमांवर ‘गाडी वाट चुकली’ म्हणून बातमी फिरली. रेल्वेचे स्पष्टीकरण वेगळे होते. इटारसी-जबलपूर-पं. दीनदयाल उपाध्याय नगर या मार्गावर गाड्यांची इतकी दाटी झाली होती की काही गाड्या मुद्दाम बिलासपूर, झारसुगुडा, राउरकेला अशा लांबच्या वाटेने वळवल्या. वाट चुकली नव्हती, वाट तुंबली होती. आतल्या प्रवाशांना हे कुणी सांगितलेले नव्हते. मे महिन्याचे ऊन, खाण्यापिण्याची वानवा आणि सकाळी उठून खिडकीतून ओडिया भाषेतली पाटी दिसणे, याला ‘मार्ग बदल’ हा शब्द फार तोकडा आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच मार्गासाठी तीन कामे मंजूर केली. जळगाव-मनमाड चौथी लाइन, १६० किलोमीटर. भुसावळ-खंडवा तिसरी आणि चौथी लाइन, १३१ किलोमीटर. आणि प्रयागराजजवळच्या इरादतगंज ते माणिकपूर तिसरी लाइन, ८४ किलोमीटर. एकूण खर्च सुमारे ७,९२७ कोटी रुपये. ही कामे झाल्यावर मालगाड्यांना वेगळी वाट मिळेल आणि लूपवर थांबणे कमी होईल. तोवर उलट होण्याची शक्यता आहे. चालू मार्गाशेजारी नवा मार्ग टाकायचा म्हणजे वेगमर्यादेचे पट्टे आणि ब्लॉक दोन्ही वाढतात.

कोकण रेल्वेची गोष्ट थोडी वेगळी आहे. रोहा-वीर हा पट्टा सोडला तर तिथे बहुतांश एकेरी मार्ग आहे, म्हणून समोरून येणाऱ्या गाडीसाठीही थांबावे लागते. पण कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लावते. वेग कमी राहणार हे आधीच मान्य करून वेळा बदललेल्या असतात. गाडी हळू जाते, पण घरून निघताना खरी वेळ माहीत असते.

गाडी निघतानाच उशिरा का असते?

कारण ती परवा उशिरा आलेली असते. तोच डब्यांचा संच, म्हणजे रेक, जातो आणि येतो. वाराणसीहून आलेला रेक सात तास उशिरा पोहोचला तरी त्याला लगेच परत पाठवता येत नाही. यार्डात नेऊन ब्रेक, चाके तपासायची, डबे धुवायचे, पाणी भरायचे. याला काही तास लागतातच आणि त्यात काटछाट करणे प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे. म्हणून गाडी ‘रिशेड्यूल’ होते.

हिवाळ्यात ही साखळी सर्वांत लांब होते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके असते. चालकाला सिग्नल जवळ येईपर्यंत दिसत नाही. पूर्वी सिग्नलच्या २७० मीटर आधी रुळावर फटाके ठेवत, चाकाखाली ते वाजले की चालक सावध होई. आता जीपीएसवर चालणारे ‘फॉग सेफ’ उपकरण पुढच्या सिग्नलची सूचना देते. तरीही धुक्यात वेग ताशी ७५ पर्यंतच ठेवावा लागतो. त्यामुळे मुंबईत कडक ऊन असताना लोकमान्य टिळक टर्मिनसवर ‘धुक्यामुळे गाडी पाच तास उशिरा’ अशी घोषणा होते आणि नवखा प्रवासी वर आकाशाकडे बघतो.

आत बसलेल्यांचे काय?

उशिराची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही. वातानुकूलित डब्यात पाच तास जास्त म्हणजे पाच तास कंटाळा. जनरल डब्यात ते पाच तास उभ्याने असतात. दुपारी एकला उतरून घरी जेवायचे म्हणून दोन वेळच्या पोळ्या बांधून निघालेल्या कुटुंबाला तिसरे जेवण विकत घ्यावे लागते. गाडी लूपवर थांबते तिथे स्टॉल नसतो. असतो तो एखादा पुरी-भाजीवाला, आणि त्याला डबा गाठेपर्यंत सिग्नल हिरवा होतो.

डब्यातल्या टाक्या ठरावीक स्थानकांवर भरतात. दोन पाणीभरण्यांमधला प्रवास सहा तासांऐवजी नऊ तासांचा झाला की शेवटचे तीन तास संडास आणि बेसिन कोरडे. बायका त्यामुळे पाणी पिणेच कमी करतात. साखरेच्या गोळ्या, इन्सुलिन, बाळाचे दूध हे सगळे पोहोचण्याच्या वेळेच्या हिशेबाने घेतलेले असते.

राजधानी, शताब्दी, दुरांतो या गाड्या दोन तासांहून अधिक उशिरा असतील तर प्रवाशांना वेळेनुसार चहा-नाश्ता किंवा जेवण विनामूल्य द्यायची तरतूद आहे. साध्या मेल-एक्स्प्रेसला ती नाही. तिथे मोठ्या स्थानकांवर जनरल डब्यांसमोर मिळणारे २० रुपयांचे पुरी-भाजीचे ‘इकॉनॉमी मील’ हा त्यातल्या त्यात स्वस्त आधार. एक लिटर ‘रेल नीर’ची छापील किंमत सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपये आहे. गाडी उशिरा आहे म्हणून कुणी वीस मागत असेल तर १३९ वर तक्रार करता येते. कुणाची तब्येत बिघडली तर हाच क्रमांक. पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर बोलावला जातो.

पैसे परत कधी मिळतात?

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. नियम २०१५ चा आहे. तुम्ही जिथे चढणार त्या स्थानकावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवासच करणार नसाल, तर पूर्ण भाडे परत मिळते. रद्द करण्याचे शुल्क कापत नाहीत. तिकीट कन्फर्म असो, आरएसी असो की वेटिंग, नियम तोच. पण गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आधी हालचाल करावी लागते. ऑनलाइन तिकिटासाठी टीडीआर भरायचा, खिडकीवरचे तिकीट असेल तर ते खिडकीवर परत करायचे. ‘आधी गाडी येऊ दे, मग बघू’ म्हटले आणि गाडी आली, गेली, तर दावा कमकुवत होतो. आणि नेहमीच्या पद्धतीने ‘कॅन्सल’ बटण दाबू नका. तिथे शुल्क कापले जाईल. टीडीआरच्या यादीतले ‘गाडी तीन तासांहून अधिक उशिरा’ हे कारण निवडावे लागते.

आता त्याच नियमाची दुसरी बाजू. गाडी मुंबईहून वेळेवर सुटली, तुम्ही बसलात आणि ती वाटेत आठ तास रखडली, तर या नियमाखाली एक रुपयाही मिळत नाही. उशीर झाला तो चढल्यानंतर. युरोपीय संघात गाडी तासभर उशिरा पोहोचली तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून उशिरा पोहोचली तर ५० टक्के भरपाईचा हक्क आहे. काही अपवाद सोडले तर तो उतरण्याच्या ठिकाणी मोजतात. आपल्याकडे आयआरसीटीसीने चालवलेल्या लखनऊ-नवी दिल्ली आणि अहमदाबाद-मुंबई तेजसमध्ये तासभर उशिराला १०० आणि दोन तासांहून जास्त उशिराला २५० रुपये अशी योजना होती. २०१९ मध्ये सुरू झालेली ही योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद करण्यात आली.

जोड गाडी चुकली तर मात्र एक सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. १ एप्रिल २०१९ पासून दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात. दोन्ही तिकिटांवर प्रवासी तेच हवेत आणि पहिली गाडी जिथे सोडते तिथूनच दुसरी पकडायची असावी. पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे भाडे शुल्क न कापता परत मिळते. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर भरायचा. पुण्याहून प्रयागराज आणि तिथून पुढे दुसऱ्या गाडीने जाणाऱ्यांनी पीएनआर जोडण्याचे काम बुकिंगच्या दिवशीच उरकून टाकावे.

ग्राहक आयोगात जाता येते?

येते. सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०२१ चा निकाल त्यासाठी महत्त्वाचा आहे. ११ जून २०१६ रोजी एक प्रवासी कुटुंबासह अजमेर-जम्मू एक्स्प्रेसने निघाला होता. गाडी जम्मूला सकाळी ८.१० ला पोहोचायची, पोहोचली दुपारी १२ ला. श्रीनगरचे विमान १२ चे होते, ते गेले. कुटुंबाला टॅक्सीने श्रीनगरला जावे लागले, त्याचे १५ हजार रुपये लागले.

गाडी वेळेवर धावेल याची हमी नाही आणि उशिराची जबाबदारी आमच्यावर नाही, असे रेल्वेच्या भाडे-नियमांत म्हटले आहे. रेल्वेने नियम ११४ आणि ११५ दाखवत हाच बचाव केला. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. उशीर का झाला आणि तो आपल्या नियंत्रणाबाहेर कसा होता, हे रेल्वेने पुराव्यासह दाखवले पाहिजे. ते दाखवता आले नाही तर ती सेवेतील त्रुटी ठरते आणि भरपाई द्यावी लागते. टॅक्सीच्या खर्चासह मानसिक त्रास आणि खटल्याच्या खर्चाची भरपाई देण्याचा जिल्हा मंचाचा आदेश कायम राहिला.

या निकालाचा अर्थ ‘उशीर झाला की पैसे’ असा नाही. धुके, पूर, आंदोलन असे कारण रेल्वेने सिद्ध केले तर दावा टिकणे कठीण. आणि तुमचे नुकसान कागदावर दिसले पाहिजे. विमानाचे तिकीट, टॅक्सीची पावती, हॉटेलचे बुकिंग, परीक्षेचे प्रवेशपत्र. गाडी किती उशिरा होती याचे ॲपवरचे चित्र त्याच दिवशी काढून ठेवा. हा खटला पाच वर्षे चालला, हेही लक्षात ठेवायला हवे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईहून गुवाहाटीला निघालेल्या एका लग्नाच्या वऱ्हाडाचे काम मात्र खटल्याविना झाले. गीतांजली एक्स्प्रेस काही तास उशिरा धावत होती आणि हावड्याहून पुढची सराईघाट एक्स्प्रेस चुकणार होती. वऱ्हाडातल्या एकाने समाजमाध्यमावर रेल्वेमंत्र्यांना साद घातली. हावड्याला सराईघाट काही मिनिटे थांबवून ठेवली, वऱ्हाडाला धावतपळत एका फलाटावरून दुसऱ्याकडे नेले आणि नवरदेव मुहूर्ताला पोहोचला. चांगले झाले. पण ती गाडी थांबली तेव्हा तिच्यात बसलेल्या बाकीच्यांचाही थोडा उशीर झालाच असणार, आणि दररोज ज्यांची जोड गाडी सुटते त्यांच्यातले बहुतेक जण अशी साद घालायच्या फंदात पडत नाहीत.

घरी कोणती वेळ सांगायची?

स्थानकावर घ्यायला येणाऱ्याला वेळापत्रकातली वेळ सांगू नका. एनटीईएस ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकल्यावर ‘आजची’ गाडी दिसते, पण काल, परवा सुटलेली तीच गाडीही बघता येते. निघण्याच्या दोन दिवस आधीपासून ती बघा. ती रोज इटारसी-जबलपूरच्या दरम्यान दीड तास हरवत असेल तर तुमचीही हरवेल. परतीचा रेक कुठे आहे तेही बघा. समोरून येणारी जोडगाडी सहा तास मागे असेल तर ‘रिशेड्यूल’चा संदेश येण्याची वाट बघत बसू नका, टीडीआरचा विचार आधीच करून ठेवा.

मधल्या स्थानकावर उतरणार असाल तर शेवटच्या स्थानकाजवळची भरपाई तुमच्या उपयोगाची नाही. सतना किंवा मिर्झापूरला उतरणाऱ्याने ॲपवरचा उशीर कमी होईल असे धरू नये. वाराणसीला उतरणाऱ्याने थोडासा धरायला हरकत नाही, आउटरला गाडी अडकली नाही तर. फलाट रिकामा नसेल तर ती शेवटच्या दोन किलोमीटरला अर्धा तासही घेते.

अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ मोबाइल चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात. गाडी पहाटे चारला अनोळखी स्थानकावर लागणार असेल तर अकराच्या आत फोन भरून घ्या. आणि स्थानकावरच्या रिटायरिंग रूमची नोंदणी पीएनआरवर ऑनलाइन होते. रात्री दोनला उतरायची वेळ आली आणि सोबत म्हातारी माणसे असतील, तर गाडी जबलपूर सोडण्याआधीच ती नोंदणी मिळते का ते पाहा. वाराणसीसारख्या गर्दीच्या स्थानकावर मध्यरात्रीनंतर ती सहसा मिळत नाही.